बुरखेवाल्याचा शेवटचा डबा

बुरखेवाल्यानं शेवटी तोंडावरचा बुरखा काढला की नाही, यावरून सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं म्हातारे अजून भांडतो. म्हणजे ते दोघं भांडतात. मी इतकी वर्षं एकच सांगत आलो, "मला विचारू नका, मी शेवट बघितला नाही."

दोघांतला एक शिंपी आहे, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. दुसरा सरकारी कचेरीत कारकून होता, तो भाऊसाहेब. मला ते डबेवाले म्हणतात, कारण बुरखेवाल्या हिरोच्या ज्या पिक्चरवरून भांडण आहे त्याचे डबे मी सायकलवरून वाहिलेत.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. सोलापुरात टीव्ही कुणाच्या घरात नव्हता. आणि हा पिक्चर म्हणजे खरं तर पिक्चर नव्हताच. परदेशात टीव्हीवर दर आठवड्याला लागणारी मालिका होती. तिचे दोन भाग एकाला एक जोडून पिक्चर म्हणून इकडं पाठवलेले. आम्हाला हे कळलं चाळीस वर्षांनी, भाऊसाहेबाच्या नातवानं मोबाईलवर शोधून काढलं तेव्हा. त्या दिवशी भाऊसाहेब इतका खूश झाला की सगळ्यांना भजी खाऊ घातली. कारण त्याचे सगळे जुने प्रश्न एकदम सुटले. पहिल्या अर्ध्यात गोळी लागून मेलेली बाई दुसऱ्या अर्ध्यात पोलीस साहेबाला कॉफी आणून देते, ती कशी? तेव्हा पब्लिकनं ठरवलं होतं, जुळी बहीण असणार. बुरखेवाल्याचा पट्टा आधी पिवळा, मग एकदम काळा. पब्लिक म्हणालं, पिवळा धुवायला टाकला असंल. गुंडाची गाडी पुलावरून पडताना निळी असते आणि पाण्यात पडल्यावर हिरवी होते. त्याला मात्र कुणाकडं उत्तर नव्हतं.

पोस्टर रंगवणाऱ्यानं बुरख्याखाली झुपकेदार मिशी काढली होती. आमच्याकडं बिनमिशीचा मर्द चालत नसे. पडद्यावर मिशी दिसली नाही म्हणून पहिल्याच दिवशी एका पैलवानानं मॅनेजरची गचांडी धरली. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. पहिल्या रांगेतला एकजण मोठ्यानं अर्थ सांगायचा, तो सगळा मनचा. तरी हाऊसफुल्ल. माणूस दोरीला लोंबकळत भिंत चढतोय, दहा जणांना एकटा झोडतोय, त्याला भाषा कशाला लागते?

पिक्चरची कॉपी एकच होती आणि लागला होता दोन टॉकीजना. एक स्टेशनकडची, दुसरी आमच्या पेठेतली. स्टेशनकडं तीनला सुरू व्हायचा, पेठेत पावणेचारला. तिकडं एक डबा संपला की रीळ उलटं गुंडाळून डब्यात घालायचं, डबा माझ्या कॅरिअरला बांधायचा, आणि मी पॅडल मारत पेठेत आणून द्यायचा. मग पुढचा. असे सहा डबे. शेवटचा टाकला की आधीचे उचलून लगेच माघारी, कारण तिकडं सहाचा खेळ. त्यामुळं मी पिक्चर सगळा तुकड्यातुकड्यानं बघितलेला. मारामारीच्या मधूनच उठायचं आणि सायकल काढायची. शेवट तर एकदाही नाही.

आणि खरं म्हणजे पब्लिकनंही कुणी नीट बघितला नव्हता. शेवटची मारामारी संपली की डोअरकीपर सगळी दारं धाडकन उघडायचे. दिवसा बाहेरचं ऊन सरळ पडद्यावर, रात्री आतले दिवे लावलेले. पडदा पांढराफटक. लोक उठून चपला शोधत बाहेर पळायचे. शेवटची दोन मिनिटं पडद्यावर काय चाललंय, ते दिसायचंच नाही. म्हणून हे भांडण. मास्तर म्हणतो बुरखा काढला, भाऊसाहेब म्हणतो काढला नाही, आणि दोघांनीही बघितलेलं नाही.

माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी शिकलो चौथीपर्यंत, बायको दुसरीपर्यंत. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं चालूच. तिला दिवस गेले होते, आठवा संपत आला होता. टॉकीजच्या गर्दीत जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी जेवताना तिला त्या दिवसाचं सांगायचो. तिनं बुरखेवाल्याला नुसता पोस्टरवर बघितलेला.

"मग, काय केलं आज तुमच्या टोपडेवाल्यानं?"

"टोपडं न्हाई ग ते. बुरखा हाय."

"कान झाकत्यात, हनुवटीखाली बंद हाय, टोपडंच की! आन् येवढ्या उंच भिंती चढतंय, त्याची आई कुटं असती? वरडत न्हाई व्हय कुनी त्याला?"

"आई दावली न्हाई."

"शेवटाला काय हुतं?"

"शेवट बघितला न्हाई अजून."

"रोज डबं वाहता आन् शेवट ठावं न्हाई. लई कामाचं हायसा बघा." आणि हसायची. हसताना पोटावर हात धरायची.

रविवार होता. दोन्ही टॉकीज भरलेल्या. स्टेशनकडं शेवटचा डबा चालू असताना लाईट गेली. वीस-पंचवीस मिनिटं आली नाही. इकडं पेठेत पाचवा डबा संपला आणि पडदा काळा. पब्लिकनं आधी शिट्ट्या मारल्या, मग शिव्या दिल्या, मग खुर्च्या उपटल्या. मास्तर त्या गर्दीत होता. खुर्चीचा एक हात तोडून तो रागानं बाहेर पडला, ते तो आजही मोठ्या अभिमानानं सांगतो. निम्मी टॉकीज रिकामी झाली. मॅनेजर घाबरला. त्यानं डोअरकीपरना सांगितलं, आज दारं लावून ठेवा, शेवटचं अक्षर दिसेपर्यंत उघडायची नाहीत.

मी डबा घेऊन पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. फाटकात शेजारची अक्का उभी. अनवाणी. पदर एकीकडं गेलेला.

"कवाधरनं वाट बघतेय तुमची! वहिनीचं पोट दुखायलंय दुपारपास्नं. सुईण म्हणती लक्षण बरं न्हाई, आडलंय. शिविलच्या दवाखान्यात न्यायला पायजे. टांगा आना बिगीनं, माज्याजवळ पैसं न्हाईत."

टांगे तिथंच उभे होते. टॉकीजच्या समोर, रस्त्यापलीकडं, चार टांगे. मी अक्काला म्हणालो, "तू हो म्होरं. मी टांगा घिऊनच येतो."

ती पळाली. मी डबा वर केबिनमध्ये नेला. ऑपरेटरनं माझ्या हातातून तो ओढलाच, रीळ चढवलं, मशीन सुरू झाली. खाली राहिलेल्या लोकांनी असा गलका केला की केबिनची काच थरथरली. मी जिन्याकडं वळलो. केबिनच्या भिंतीला एक चौकोनी भोक असतं, ऑपरेटरला पडदा दिसावा म्हणून. जाता जाता मी त्यातून बघितलं.

आणि उभा राहिलो.

कुणी मला धरलं नव्हतं. ऑपरेटर थांब म्हणाला नव्हता. मी विसरलो होतो असंही नाही. अक्काचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. मनात म्हणालो, एवढी भिंत चढू दे. मग म्हणालो, एवढी मारामारी. मग म्हणालो, आता दोनच मिनिटं राहिली असतील. बारा-तेरा मिनिटांचा डबा होता. मी तो पूर्ण बघितला.

मग जिना उतरलो, टांगा केला, सायकल तिथंच सोडली. आमची चाळ तिथून टांग्यानं पाच मिनिटं. दाराशी बायका उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या. आत सुईण हात धूत होती. कोपऱ्यात जुन्या लुगड्याचं लहानसं गाठोडं. मुलगी होती.

सुईण माझ्याकडं न बघता म्हणाली, "टांगा आनतो म्हनलासा, म्हनून आमी दुसऱ्या कुनाला धाडलं न्हाई."

बायकोचं रक्त थांबत नव्हतं. तिला उचलून टांग्यात घातली. घोडा चालत होता आणि तिनं डोळे उघडून विचारलं, "कुटं हुता?"

मी म्हणालो, "सायकल पंक्चर झालती."

ती वाचली. तेरा दिवस दवाखान्यात होती. माझी आई गावाहून आली आणि तिसऱ्याच दिवशी खाटेजवळ बसून मला बोलायला लागली, की बाईल आडली आणि हा मेला पिक्चर बघत बसला. आईला काही माहीत नव्हतं, ती आपली तोंडाला येईल ते बोलायची. बायको पडल्या पडल्या म्हणाली, "आत्या, चाक फुटलं त्याला मानसानं काय करावं? त्यांना बोलू नगा."

तिथून पुढं ते पंक्चर आमच्या घरात राहायलाच आलं. कुणी विचारलं की तीच सांगायची. पहिलं मूल कसं गेलं? ह्यांची सायकल पंक्चर झाली, टांगा वेळेवर आला नाही. अक्कालाही तेच सांगितलं, आणि अक्कानं फाटकात मला उभा बघितलेला असून तिनं ते ऐकून घेतलं. पुढं मुलगा झाला, तर त्यालाही तेच. तिनं माझी अशी बाजू घेतली की मला खरं बोलायला जागाच राहिली नाही. का राहिली होती आणि मी वापरली नाही? दुसरंच खरं असेल.

डबे वाहायचं काम मी महिन्याभरात सोडलं. पिक्चर बघणंही सोडलं. हातमागाच्या कारखान्यात लागलो, पुढं चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन झालो. मुलानं जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला, तिथं आम्ही दोघं मागच्या खोलीत.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. किडन्या गेल्या होत्या. एकोणीस दिवस मी तिच्याजवळ होतो, आणि एकोणीस दिवस रोज ठरवायचो, आज सांगायचं. एकदा तर तोंड उघडलंसुद्धा. म्हणालो, "आयक, त्या रविवारी..." तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी द्या." मी पाणी दिलं. ती प्याली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला त्या बघण्यावरून सांगता येत नाही. लोक म्हणतात इतक्या वर्षांच्या जोडीदाराचं मन ओळखता येतं. मला नाही आलं.

तिचे दिवस घातल्यावर मी बरेच दिवस गाड्यावर गेलो नाही. गेल्या महिन्यात गेलो. मला बरं वाटावं म्हणून मास्तरनं तोच विषय काढला.

"काय डबेवाले, आता तरी आमच्या बाजूनं बोला. बुरखा काढला का नाही त्यानं?"

"काढला," मी म्हणालो.

"बघा! मी काय सांगत होतो?"

"पण आपल्याकडं पाठ करून. पायरीवर बसतो, बुरखा ओढून काढतो, मांडीवर ठेवतो. नुसती मान दिसते. केस घामानं चिकटलेले. तोंड दाखवत नाहीत. तसाच बसलेला असतो आणि संपतं."

भाऊसाहेब म्हणाला, "तोंड दाखवलं नाही म्हणजे काढला नाही असंच धरायचं."

"असं कसं धरायचं? काढला म्हणतायत ना ते!"

"तुम्ही गप्प बसा हो, तुम्ही खुर्ची मोडून पळाला होता." मग भाऊसाहेब माझ्याकडं वळला. "पण तुम्ही तर शेवट बघितला नव्हता?"

तेव्हा मी सांगितलं. अक्का, समोरचे टांगे, केबिनमधलं भोक. पंक्चर झालं नव्हतं, हेही सांगितलं. गाड्यावर दुसरी गिऱ्हाइकं होती, तरी सांगितलं. मास्तरनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

भाऊसाहेबाला आयुष्यभराची कारकुनी सवय. तो हळूच म्हणाला, "डबा आला किती वाजता?"

"पाच वाजून पाच-सात मिनिटं."

"म्हणजे संपला पाच-वीसला. आणि मूल गेलं किती वाजता?"

"अहो, काय विचारताय!" मास्तर त्याच्या अंगावर ओरडला. "काही लाज?"

भाऊसाहेबाचं तोंड उतरलं. "चुकलो," म्हणाला. पण तो चुकला नव्हता. विचारायचं होतं ते एवढंच होतं.

मला ते माहीत नाही. सुईणीला माहीत होतं. ती पुढं वीस वर्षं आमच्या मागच्या गल्लीत राहत होती, रोज नळावर भेटायची. बायकोला माहीत होतं. पाचच्या आधीच पोरगी गेली होती असं त्यांतली कुणी म्हणाली असती तर मी सुटलो असतो. नंतर गेली असं म्हणाली असती तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या भीतीपायी मी दोघींना विचारलं नाही. आता दोघी नाहीत.

न विचारता इतकी वर्षं मी बायकोच्या हातचं जेवलो.