कानबाईच्या दर्शनाचा पासवर्ड

वडील गेल्यावर माय धरणगावच्या घरात एकटीच राहिली. माझ्याकडे जळगावला यायला ती तयार नव्हती आणि इकडे माझा जीव टांगणीला. म्हणून ओसरीत मान फिरवणारा कॅमेरा बसवला. मोबाइलवर माय दिसायची, त्यातूनच तिच्याशी बोलताही यायचं. मी दिवसातून वीस वेळा बघायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो.

श्रावणात धरणगावच्या घरी, त्याच ओसरीत, आमची खानदेशची देवी कानबाई बसली. सगळ्या भाऊबंदकीनं एका घरी जमायचं, देवीसमोर बसून प्रसादाचा रोट खायचा, ही आमची रीत. सुरत-पुण्याकडच्यांना येणं जमलं नाही. देवीच्या दर्शनाला कुणाला नाही कसं म्हणायचं? मी कॅमेऱ्याचा पासवर्ड भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकून दिला. सगळ्यांनी हात जोडले. सोमवारी विसर्जन झालं. पासवर्ड बदलायचा राहिला. खरं सांगायचं तर राहिला नाही, मला लाज वाटली. आपल्याच माणसांच्या तोंडावर दार लावल्यासारखं दिसलं असतं.

महिन्याभरानं एका दुपारी जळगावला माझ्या दुकानात बसल्या बसल्या मी मोबाइल उघडला. माय ओसरीत डाळ निवडत होती. कॅमेऱ्याची मान हळूच फिरायला लागली. मी बोटही लावलं नव्हतं. मायनं वर पाहिलं आणि हसली. तिला वाटलं, मीच. मान तिच्यावरून पुढं सरकली, स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबली आणि तिथंच राहिली.

ग्रुपमधला एकेक चेहरा डोळ्यांपुढं आणला. काका, चुलतभाऊ, त्यांची जावईमंडळी. त्यांनी तो पासवर्ड पुढं कुणाकुणाला पाठवला असेल? रोट ज्यांच्यासोबत खाल्ला त्यांच्यावरच संशय घेताना मला माझीच भीती वाटली.

पासवर्ड बदलला आणि मायला फोन लावला. आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, कॅमेऱ्यातून माझ्याशिवाय कुणी बोललं का. तुझ्याशिवाय कोण बोलणार, म्हणाली. मग तिला आठवलं.

"काल तुना आवाज बसेल व्हता. मांगना दरवाजानी कडी लागस का, तू इचारं ना? मी सांगं, ती तुटेल शे."

तिला म्हटलं, मागच्या दाराच्या तुटक्या कडीचं राहू दे, आहे तशी ऊठ आणि शेजारी जाऊन बस. का, ते ती विचारत राहिली. फोन चालू ठेवूनच मी गाडी काढली. काल मी तिच्याशी बोललोच नव्हतो, हे मला तिला सांगवेना.