सोळाव्या पानानंतरचा खुनी

कालव्याच्या कडेनं अर्धी वाट सरली तरी बाइंडरांनी तोंड उघडलं नव्हतं. सून चार पावलं मागून चालत होती. सासरे गप्प असले की आपणही गप्प राहायचं, हे ती लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकली होती. मनातल्या मनात देवाचं नाव घेणं तेवढं चालू होतं.

शेवटी तेच म्हणाले, "ती बाई तक्रार करून मोकळी झाली असेल."

"केली असती तर ग्रंथपालबाईंचा निरोप आला असता, बाबा."

"येईल. वाईट बातमीला पाय लवकर फुटतात."

चाळीस वर्षं वाचनालयाची फाटकी पुस्तकं बाइंडरांच्याच हातून धड होऊन जात होती. जुनी शिवण उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, फाटलं असेल तिथं पातळ कागद चिकटवायचा, मग फर्मे क्रमानं लावून पुन्हा शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा. स्वतः मात्र एकही पुस्तक वाचलं नाही. "नावाड्यानं पोहत बसू नये," म्हणायचे.

वर्षभरापासून त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं धरलं होतं. घरात कुणाला बोलले नव्हते. सून ओळखून होती, पण तीही बोलली नव्हती. त्यातच शहरात यंत्रावर बांधणी करणारा कारखाना निघाला. ग्रंथपालबाईंनी सांगून ठेवलं होतं, "समितीला मी कसंबसं थोपवलंय. एक तक्रार आली की काम तिकडे गेलं म्हणून समजा."

आणि तक्रार यावी अशीच चूक झाली होती. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाला बारीक आकडा असतो. एका कादंबरीच्या शेवटच्या, बाराव्या फर्म्यावरच्या आकड्यातला एक पुसला गेला होता, नुसता दोन उरला होता. बाइंडरांनी तो दुसरा समजून पहिल्यामागे लावला, आणि खरा दुसरा जाऊन बसला शेवटी. पानांचे आकडे पाहिले असते तर कळलं असतं. पण ते आकडे त्यांना आता दिसतच नव्हते.

सुनेला रहस्यकथांचं वेड. बांधलेलं पुस्तक दाबाखालून निघालं की पोचवायच्या आधी ती हातातली कामं टाकून थोडं वाचून घ्यायची. या कादंबरीत बर्फानं वाट बुजलेली, डोंगरमाथ्यावरची एक वेधशाळा होती. आत मोजकी माणसं, आणि एकेक करून कमी होणारी. सोळा पानं होतात न होतात तोच स्वयंपाक्यानं सगळ्या खुनांची कबुली दिली. तेवढ्यात पुस्तक पोचवायची वेळ झाली. दुपारी जेवताना तिनं कौतुकानं सांगितलं, "लेखक हुशार आहे हं बाबा. खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकतो."

बाइंडरांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली, तर पुस्तक गेलेलं. गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिकेनं नेलं होतं. तिला सगळे सिस्टरच म्हणत. आजची पायपीट तिच्याच घरापर्यंत होती.

दार उघडंच होतं. सिस्टर खिडकीपाशी पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. बाइंडरांनी आपण कोण ते सांगितलं आणि पुस्तक जरा हवं होतं म्हणाले.

"बसा. चार पानं राहिलीत. आता मात्र बोलायचं नाही."

दोघं पाहुण्यासारखी अंग चोरून बसली. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग सिस्टरनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"काय पुस्तक आहे हो. स्वयंपाकी खुनी हे आधीच कळलं. मग दीडशे पानं तो सगळ्यांना गरम गरम सूप वाढतोय आणि मी इथं बसून ओरडतेय, अरे पिऊ नकोस मेल्या."

सुनेला हसू आलं. बाइंडर हसले नाहीत.

"आणि शेवट तर काय सांगू. गेलेली सगळी माणसं एकेक करून दारातून आत येतात. बर्फ झटकतात, ओले बूट शेगडीपाशी ठेवतात, जेवायला काय आहे विचारतात." सिस्टरनी चष्मा काढून पुसला. "पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. गेलेलं एक माणूस परत आलेलं पाहिलं नाही."

सुनेच्या मनात आलं, गप्प बसावं. देवानंच झाकलंय तर आपण कशाला उघडं करा. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते.

"सिस्टर, ते लेखकानं केलेलं नाही. माझी चूक आहे. दुसरा फर्मा शेवटी गेला आणि शेवटचा दुसऱ्याच्या जागी."

सिस्टरनी पुस्तक उघडून आकडे पाहिले. सोळा, मग एकशे सत्त्याहत्तर.

"म्हणजे आधी कळस, मग पाया. आणि मी बसलेय इथं डोळे पुसत." मग म्हणाल्या, "राहू द्या की असंच. कुणाचं काय बिघडलं? मी नाही कुठं बोलायची."

"तुम्हाला आवडलं, बरं वाटलं. पण चुकलेली शिवण ती चुकलेलीच. पुढचा वाचक मला शिव्या घालेल, आणि त्याचं खरं असेल."

"बरं. नीट झालं की आधी मला द्या. मेलेले मेलेलेच राहतात का बघते."

परतीच्या वाटेवर पिशवी सुनेकडे होती. पुलापाशी बाइंडर कठड्यावर टेकले. खाली पाणी संथ चाललं होतं.

"तुला माहीत होतं ना, मला नीट दिसत नाही ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

ते कठड्यावरून उठले.

"उद्यापासून मी शिवायला बसलो की पानांचे आकडे तू मोठ्यानं वाचायचे. मी ऐकेन आणि लावेन."

"वाचेन, बाबा."

"आणि हे पुस्तक घेऊन ग्रंथपालबाईंकडे जाऊ, तेव्हा बरोबर ये. मी त्यांना डोळ्यांचं सगळं सांगणार आहे. काम राहो नाहीतर जावो. मी सांगत असताना तू फक्त मध्ये पडून माझी बाजू घेऊ नकोस, पोरी. एवढं कर माझ्यासाठी."