राहिलेला धागा

“इंकोकटी,” तो जाळ्यात अडकलेल्या सापाला सांगायचा. तेलुगूत, म्हणजे ‘अजून एक’. अंगावरचे सगळे धागे कापून झाले असं बघणाऱ्यांना वाटायचं, तेव्हा तो अंगठा सापाच्या डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकवायचा. खवल्यांखाली रुतलेला एखादा धागा सापडायचाच.

तुमच्याही आळीत असा माणूस असेल, ज्याचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि तुमच्या पोटात दुखलं. माझ्या पोटात दोन वर्षं दुखत होतं.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या बंगल्यावर, बागेचा मी मुकादम होतो. तो गिरणीत विणकर. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्या आधी साप निघाला की हाक मला यायची. मी काठी घेऊन निघालो की बायका दारं लावून खिडकीतून बघायच्या. त्या बघण्याची मला चटक होती.

पोपटांपासून द्राक्षं वाचवायला मीच भीमेच्या कोळ्यांकडून नायलॉनचं जुनं जाळं आणून मांडवावर टाकलं. त्याची कड जमिनीवर लोळायची. पहिल्याच महिन्यात तीत धामण अडकली. मी काठी उचलली, तेवढ्यात पाळी संपवून घरी चाललेला अण्णा कुंपणातून आत आला.

“गुंताच हाय की, मुकादम. मारताय कशाला?”

त्यानं तिच्या डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं. फणीतून सूत ओढायचा चपटा आकडा खिशातून काढून धाग्याखाली सरकवला, धागा उचलला आणि छोट्या कात्रीनं कापला. तुटलेलं सूत जोडण्यात जन्म गेलेली बोटं ती. धामण गवतात गेली तेव्हा माळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हातातली काठी कुठे ठेवावी, ते मला कळेना.

मग हाक त्यालाच. माझी बायकोसुद्धा त्याला कपबशीत चहा द्यायची, मला पेल्यात. विचारलं तर म्हणाली, “त्ये पाव्हणे हायती. तुमी रोजचेच की.”

मी नवी पेठेतून तसलीच कात्री आणली.

एका दुपारी माळी जेवायला गेले होते आणि जाळ्यात पुन्हा धामण होती. अण्णाची पाळी सुटायला वेळ होता. मी एकटाच बसलो. आकडा नव्हता, म्हणून नुसतीच कात्री घुसवली. सात-आठ धागे तुटले, ती फुत्कारली, मी घाबरून मागे सरलो आणि ती निसटली. तिच्या मानेवर एक पांढरी रेघ मला दिसली होती. नुसता पट्टा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाला काही बोललो नाही.

आठवड्याभरानं ती विहिरीपाशी मेलेली सापडली. मान सुजून धागा आत गेलेला. त्याच आठवड्यात अण्णानंही एक धामण सोडली होती. बंगल्यातल्या बाईसाहेबांनी मला विचारलं, “अण्णांनी सोडलेली ना ही?”

मी म्हणालो, “व्हय.”

त्याला बोलावलं. त्यानं तिच्या अंगावरून अंगठा फिरवला, धाग्याची टोकं पाहिली. पिंजलेली, चावल्यासारखी. त्याची कात्री असं कापत नसे. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे घेतले.

“एक राहिला, बाईसाहेब,” एवढंच तो म्हणाला. जीव हाल करून मारायचे असतील तर बागेत येऊ नका, असं त्याला सांगण्यात आलं.

फाटकापाशी त्यानं तो आकडा माझ्या हातावर ठेवला. “कात्री मागनं, मुकादम. आदी बोट फिरवा.”

पुढे तो भिवंडीला गेला, यंत्रमागावर. परत भेटला नाही. आकडा मिळाला त्याच दिवशी मी जाळ्याची कड हातभर वर बांधली. तरी साप अडकलेच, ते मी त्याच्या आकड्यानं सोडवले. सगळे जगले असावेत. लोक ते माझं कसब समजले. मी समजू दिलं.

तर ती धामण मी मारली. अण्णानं नाही. हे लिहून टाकलं की सुटलो, असं वाटलं होतं. पण कागदावरून अंगठा फिरवला तर अजून एक धागा सापडतो. फाटकाबाहेर तो पाठमोरा चालला होता, हात मोकळे. सगळं कळूनही त्यानं दोष स्वतःवर घेतला होता, आणि आकडा मुठीत घट्ट धरून मी उभा होतो. त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटत होता.