वेताची खुर्ची
परवा कुणाच्या तरी घरी ज्येष्ठमध उकळत होतं आणि त्या गोडसर, मातकट वासानं मला सौदीतल्या, दम्मामच्या आमच्या खोलीत नेलं. पाठदुखीच्या गोळ्यांचं माझ्या नवऱ्याला पुरतं व्यसन लागलं होतं. तेव्हा ऑफिसात एकेका परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस येत होता. नोकरी जाईल म्हणून दवाखान्यात राहायला तो तयार होईना. त्यानं घरातच गोळ्या सोडल्या. शेजारच्या चिनी बाईनं ज्येष्ठमधाच्या मुळ्यांची पुडी दिली, त्यांचा काढा घेऊन मी भर दुपारी त्याच्यापाशी गेले. बाहेर वाळूचं वादळ होतं, खोली पिवळी पडली होती. तो तापानं थरथरत म्हणाला, "त्या बाईला बसायला सांग ना." "कुठल्या बाईला?" "तुझ्या मागं उभी आहे ती. दमलीय." मागं वळायचा धीर मला झाला नाही. हात मागं नेऊन मी वेताची खुर्ची सरकवली. "बसली," तो म्हणाला, निमूट काढा प्यायला आणि झोपला. पुढं गोळ्या सुटल्या, काढ्यानं की कशानं, अल्ला जाणे. आज तो म्हणतो, तापातला भास असेल. मीही हो म्हणते. पण तो "बसली" म्हणाला, तेव्हा माझ्या मागं वेत करकरला होता.