काठाशिवाय रंग

साऱ्या नागपुरात रंगाला माणसासारखं वागवणारा एकच गृहस्थ आहे आणि तो माझा थोरला साढू आहे, हे मी नातं बाजूला ठेवून सांगतो. खाप्याच्या विणकर घरात जन्म, त्यामुळे पाटी-पेन्सिलीच्या आधी सुताच्या रंगाशी ओळख झालेली. बाजारातून मिरची आणली तरी पिशवीत डोकावून ते म्हणायचे, "हा लाल जरा रुसला हाय." मी एकदा नवा शर्ट घालून गेलो, तर त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं, मग दारात सावलीत, आणि शेवटी बाहीवर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिले. शर्ट पास झाला. पुढे महिनाभर मी तो शर्ट ऐटीत घातला.

असा माणूस शहराबाहेर बेसा गावाला स्वतःचं घर बांधतो तेव्हा पेंटरचं काही खरं नसतं. बैठकीच्या खोलीसाठी शेवटी दोन रंग उरले, हळदीचा पिवळा आणि मोरपंखी निळा. दोन्हींचे रुंद पट्टे भिंतीवर ओढून साढू समोर खुर्ची टाकून बसले. सकाळी बसले, टळटळीत दुपारी बसले, दिवेलागणीलाही बसले. "काकाजी, हो म्हणा, मी डबे घेऊन येतो," पेंटर म्हणाला.

"ओला रंग खोटं बोलते गा. वाळू दे त्याले."

वाळला, तर म्हणाले, काठ पाहिजे. काठ शेजारी ठेवल्याशिवाय लुगड्याचा रंग कोणता विणकर ठरवतो? आणि भिंतीचा काठ म्हणजे घरातली माणसं. झालं. मुलगा मिहानमधल्या कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी भिंतीला पाठ लावून उभा. मी, माझी बायको, सूनबाई, सगळे उभे राहिलो. आधी हसत होतो, पण ते डोळे बारीक करून पाहू लागले की आपोआप ताठ व्हायचो. देवळातसुद्धा मी इतका गंभीर नसतो. आठ दिवसांत निळा जिंकणार हे दिसू लागलं.

या आठ दिवसांत ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांना चहा देत होत्या. उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत, घरमालकाच्या पांढऱ्या चुन्यात गेलेला. आपल्या घराची एक भिंत पिवळी असावी, एवढंच त्यांनी माझ्या बायकोजवळ कधीतरी बोलून दाखवलं होतं. नवव्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "ताईंना उभं केलंत का?"

साढू खुर्चीत वळले. "तू काहून नाही उभी राहिली वं?"

"मले कोणी म्हटलंच नाही," ताई म्हणाल्या आणि हातातल्या ट्रेसकट जाऊन उभ्या राहिल्या. अंगावर धुऊन धुऊन विटलेली जांभळी साडी होती. निळ्यापुढे ती दिसेचना. पिवळ्यापुढे सरकल्या आणि साडी उजळली, ताईही उजळल्या. साढू बराच वेळ पाहत राहिले. मग उठून त्यांनी ताईंच्या हातातला ट्रे घेतला.

"पिवळा आण गा," ते पेंटरला म्हणाले. "माह्या हातून मोठी चुकी होऊन राहिली होती."

याला बरीच वर्षं झाली. आता त्यांना धूसर दिसतं. खिडकीजवळची भिंत उन्हानं फिकी पडली आहे, हे त्यांना कळत नाही. मी गेलो की विचारतात, "साढूभाऊ, पिवळा तसाच हाय ना?" समोर ताई भिंतीला टेकून भाजी निवडत असतात. त्यांच्याकडे पाहत मी "तसाच आहे" म्हणतो. रंगाच्या बाबतीत मी सांगतो आणि ते मुकाट्यानं ऐकून घेतात, एवढंच मला सोसत नाही.