माळ्याखाली बसावं म्हणून कापलेलं घड्याळ

मैत्रिणींनो, ही आपली फिरती वही कालच टपालाने आली ते बरं झालं.

शाळेच्या कॉरिडॉरमधलं ते माणसाहून उंच घड्याळ आठवतं ना? डब्याच्या सुट्टीत आपण काचेला नाक लावून लंबक बघायचो आणि सिस्टर हाकलायच्या. माझ्याकडे भिंतीवरची जुनी घड्याळं दोन आहेत, पण तसलं उंच घड्याळ मी कित्येक वर्षं शोधत होते. पार्ल्याचा एक बंगला पाडला, तेव्हा तसंच एक अंधेरीच्या जुन्या सामानवाल्याकडे आलं आणि मी लगेच घेतलं.

आज दुपारी ते कांदिवलीला घरी आलं, तेव्हा फूटभर बुटकं झालं होतं.

"काकू, माप तुमच्या मुलानेच दिलं," दुकानदार म्हणाला.

संदीप पेपरातून मानही वर न करता म्हणाला, "हॉलमध्ये कलर टीव्हीचं शोकेस आहे ना, आई. पॅसेजमध्ये माळ्याखाली हे मावत नव्हतं. खालूनच तर कापलंय, कुणाला कळतंय?"

घड्याळाला कळतंय. त्याची वजनं आठ दिवस हळूहळू खाली उतरायची. आता ती सहाव्या दिवशीच तळाला टेकतील आणि घड्याळ बंद पडेल. टीव्ही हलवायला नको म्हणून, मला एका शब्दाने न विचारता.

तुमच्या घरी विचारतात का गं?

मी दुपारपासून त्याच्याशी बोललेले नाही. तुम्ही साक्षीला आहात, म्हणून इथेच लिहून ठेवते. माझ्यामागे भिंतीवरची दोन्ही घड्याळं भाचीला द्या, ती चावी द्यायला विसरत नाही. उंच घड्याळ नवा तळ बसवून आपल्या नाशिकच्या शालूला द्या, तिच्या घरात माळा नाही. संदीपला टीव्ही द्या, शोकेससकट.