चाळीस ग्रॅम ओट्स आणि सराफाचा काटा

पोरांनो, तुमच्या आजोबांना मी महिनाभर उपाशी ठेवलं. ते फोनवर तुम्हाला तिखटमीठ लावून सांगतीलच, म्हणून आधी मीच लिहिते.

त्यांची साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं, सकाळी चाळीस ग्रॅम ओट्स, कोरडे मोजून, आणि जेवणापर्यंत दुसरं काही नाही. दोन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोज इन्सुलिनची सुई. या माणसाने आयुष्यभर चपलेने विंचू मारले, पण सुई दिसली की दवाखान्याचं दार गाठतात.

घरात काटा नव्हता. पण कपाटाच्या दाराला आतून माझा तक्ता चिकटवलेला आहे, संसाराच्या पहिल्या वर्षीचा. त्यात स्वच्छ लिहिलंय: एक वाटी, एकशेवीस ग्रॅम. मी इंग्रजी माध्यमात गणित शिकवलेली बाई. चाळीस म्हणजे तिसरा हिस्सा. वाटीला आतून रेघ मारली आणि रोज रेघेपर्यंत ओट्स घातले, वरून चमच्याने सपाट करून.

महिन्याने तपासलं तर साखर आणखी चढलेली.

"परदेशी धान्य," आजोबा म्हणाले. "आपल्याला मानवत न्हाई."

त्याच आठवड्यात लातूरहून त्यांची थोरली बहीण आली. अक्का शाळेत गेल्या नाहीत, पण खळ्यावर धान्य मापण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"वैनी, चिमण्या पाळल्या का?"

"चाळीस ग्रॅम आहेत, अक्का. मोजलेत."

"मोजलेत म्हणं! एवढ्यानं माझं वासरू उठून उभं बी राहणार न्हाई."

असं म्हणून त्यांनी डब्यात हात घातला. पहिली मूठ काढली, "लाभ." खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. मग दुसरी मूठ, "दोन." बोटांच्या फटीतून ओट्स सांडत होते.

मी म्हटलं, असल्या मापानेच माणूस सुईवर जातो. त्या म्हणाल्या, काटा लावा. वाण्याने मात्र हात वर केले; त्याच्या काट्यावर एवढं हलकं धड दिसतच नव्हतं. शेवटी माझे रेघेपर्यंतचे आणि अक्कांचे दोन मुठी असे ओट्स दोन डब्यांत घेऊन आम्ही तिघं माझ्या मंगळसूत्राच्या सराफाकडे गेलो. दुकानात एका नवरीची पाटल्यांची खरेदी चालली होती, ती थांबली. सराफाने ओट्स काट्यावर घेतले आणि गंभीरपणे विचारलं, "घडणावळ लावू का, मॅडम?"

माझे ओट्स भरले अठरा ग्रॅम. अक्कांचे एकोणचाळीस ग्रॅम आणि वर थोडे.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझा तक्ता ज्वारीचा होता. त्या काळी घरात मापायचं धान्य म्हणजे ज्वारीच, म्हणून नाव लिहिलंच नव्हतं. ज्वारी वाटीत दाटून बसते. ओट्स नुसते फुगलेले, अर्धी वाटी हवा. भागाकार बरोबर होता, धान्य चुकलं होतं. भरल्या दुकानात अक्कांनी ओट्स मापलेला हात पदराला सावकाश पुसला, तेवढंच.

पण कमी खाऊन साखर चढली कशी? तेही परत येताना कळलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने हाक मारली, "सर, सकाळी आलेच न्हाई? तुमची जिलबी काढून ठेवली होती."

"फिरायला जातो" याचा अर्थ हा होता तर.

"अठरा ग्रॅमवर माणूस जगतो व्हय?" आजोबा माझ्यावरच उखडले. अक्का रस्त्यातच पोट धरून हसल्या.

माझी मूठ लहान, आणि अक्कांची त्यांच्याबरोबर लातूरला गेली. म्हणून तक्त्यात नवी ओळ घातली: ओट्स, पाऊण वाटी. जिलेबी बंद. एक महिना मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरायला गेले.

परवा रिपोर्ट आला. साखर उतरली, डॉक्टर म्हणाले, सुई नको. आजोबांनी त्या आनंदात जिलेबी मागितली, फक्त चाळीस ग्रॅम.

मी म्हटलं, "चला सराफाकडे."